वेळेवर नेलं म्हणून

आज परत तेच. आक्का औशाहून आल्या, ह्यांच्या उशाशी बसल्या, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "वेळेवर नेलंस बाई, म्हणून माणूस हाताला लागला." मी "हो" म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. ओट्याशी उभी राहिले तर हात थरथरायले होते. कौतुकच केलं की त्यांनी. मग मला एवढा राग कशाचा यावा?

ह्यांना हार्ट अटॅक आल्यापासून येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. शेजारचे म्हणतात, शाळेतले जुने लोक म्हणतात, धाकटी पुण्याहून फोनवर म्हणते. नेलं ना वेळेवर. जेवण झाल्यावर ह्यांनी जबडा दाबून धरला, दाढ ठणकल्यासारखा. पित्त झालं असेल म्हणाले. मी पाठीवर हात फिरवला तर ऐन थंडीत बनियन पिळून काढावं इतकं भिजलेलं. भाऊजींनी लगेच गाडी काढली. बार्शी रोड मोकळा होता. दवाखान्याच्या पायऱ्या हे स्वतःच्या पायांनी चढले. इथपर्यंत सगळं वेळेवरच झालं. त्यापुढचा वेळ मात्र कुणी मोजतच नाही.

कॅज्युअल्टीत डॉक्टर एकच, तोही पोरसवदा. उसाच्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकलेली, त्यावरची दोघं आत टेबलावर, आणि त्यांचे नातेवाईक दारात आरडाओरडा करत होते. विंचू चावलेलं एक लेकरू आईच्या कडेवर किंचाळत होतं. आणि ह्यांनी काय करावं? डॉक्टरला हात जोडून नमस्कार केला. "जरा अस्वस्थ वाटायलंय. तुमचं होऊ द्या, आधी त्या लेकराचं बघा."

"बसा काका, बोलावतो," तो म्हणाला. आम्ही बसलो.

मला खिडकीवर बोलावलं. केसपेपर काढा, आधार कार्ड द्या, योजनेचं कार्ड आहे का, विमा आहे का, पेन्शनर आहेत का. मी उत्तरं देत होते आणि मान वळवून ह्यांच्याकडे बघत होते. हे लोखंडी बाकड्यावर ताठ बसलेले, खिशाला पेन लावलेलं, डोळे मिटलेले. एखाद्याला वाटावं, कुणाला तरी भेटायला आलेत. पाऊण तास तरी गेला असेल. आमच्या अगदी समोर चाकांच्या टेबलावर एक मशीन होतं, वायरी गुंडाळून ठेवलेल्या. सगळा वेळ मी त्याच्याकडेच बघत बसले होते. ते कशाचं मशीन आहे हे मला ठाऊक नव्हतं.

ईसीजीचं होतं. छातीचं दुखणं असल्याचा संशय असेल तर माणूस दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढून डॉक्टरनं बघावा असं ठरलेलं आहे. हे मला नंतर हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी आणखी एक सांगितलं. ह्यांच्यासारखी वर्षानुवर्षं साखर असली की नसा बोथट होतात, छातीत कळ यायला पाहिजे तशी येत नाही. नुसता घाम, दम, मळमळ, जबड्यात दुखणं. म्हणजे ज्याला धोका जास्त तोच दिसायला बरा दिसतो.

तेव्हापासून मला किल्लारी आठवायलीय. 30 सप्टेंबर 1993. भूकंप झाला त्या दिवशी हे शाळेतल्या दोघांबरोबर सास्तूरकडं गेले ते आठवडाभर परत आले नाहीत. आल्यावर फार बोलले नाहीत. पण एवढं सांगितलं होतं की ढिगाऱ्यातून काढलेल्यांत जे ओरडत होते त्यांच्याकडं सगळे धावायचे, आणि तिथला एक डॉक्टर सारखा सांगायचा, गप्प पडलेत त्यांना आधी बघा. हे वर्गातल्या पोरांनाही सांगायचे ते. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा गप्प बसले. ह्यांच्यावरचा राग मी अजून नीट काढलेलाच नाही. जाऊ दे.

शेवटी एक सिस्टर ट्रे घेऊन चालली होती, ती ह्यांच्यापाशी थांबली. मनगटाला हात लावला आणि ट्रे तिथंच बाकड्यावर ठेवून ओरडली. मग सगळं एकदम. ईसीजीची पट्टी निघाली, डॉक्टर पळत आला, गोळ्या चावायला लावल्या, रात्रीच अँजिओप्लास्टी झाली.

दुसऱ्या दिवशी तो पोरगा डॉक्टर ड्युटी संपल्यावर आयसीयूत येऊन गेला. "काका, नीट सांगायचं ना तुम्ही." हे हसले. मी नाही हसले. आजाऱ्यानंच सांगायचं, तेही मोठ्यानं, तर दारात माणूस कशाला पाहिजे? ठिकठिकाणी दारातच एक सिस्टर उभी असते म्हणे. आल्या आल्या नाडी, रक्तदाब, घाम बघते आणि कोण किती तातडीचा ते लाल, पिवळा, हिरवा असं ठरवते. त्याला काही फार मोठी मशिनरी लागत नाही. माझ्या डोक्यात हेच फिरत राहतं. जेवताना, रात्री कूस बदलताना, ह्यांच्या गोळ्या मोजतानाही.

जावई वकील. त्यांनी सांगितलं की रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला पश्चिम बंगालमध्ये सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक परत पाठवलं होतं. त्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणं म्हणजे कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग. ऐकून बरं वाटलं. पण त्या बाकड्यावर बसून मी कुठलं कलम काढणार होते?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या पोरगा डॉक्टरचा चहा टेबलावर साय धरून पडलेला होता, तो मला आत्ता आठवला. ट्रॉलीला धडकलेली दोघंही वाचली असं कळलं. ती त्याच पाऊण तासात वाचली. डॉक्टरला चार हात नव्हते. आणि ह्यांचा स्वभाव आता या वयात बदलायचा नाही. हे पुढच्या वेळीही नमस्कारच करतील. तर बोलायचं मी.

उद्या उदगीरहून वन्सं येणार आहेत. त्यांच्या यजमानांना, भावोजींनाही साखर आहे, आणि ते ह्यांच्याहून अबोल. वन्संना लिहून देणार आहे: पहिलंच वाक्य 'छातीचं वाटतंय, साखर आहे, ईसीजी काढा', आणि खिडकीवरच्या कागदांसाठी दुसरं माणूस बरोबर न्यायचं. पेशंटपासून उठायचं नाही. गोळ्यांची यादी भावोजींच्या खिशात ठेवायची. पेनाच्या मागं.