रूबी मायर्सला बोलपटाने संपवलं नाही

सुलोचनाबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: हिंदी येत नव्हतं, म्हणून बोलपट आला आणि ती संपली. यातला पहिला भाग खरा, दुसरा नाही. ही सुलोचना म्हणजे मूकपटांतली नायिका रूबी मायर्स; सुलोचना हे तिचं पडद्यावरचं नाव. सुलोचनादीदी लाटकर वेगळ्या, लावणीवाल्या सुलोचना चव्हाण वेगळ्या. जुने लेख आणि फोटो शोधताना हा घोळ फार होतो.

रूबीचा जन्म १९०७ सालचा, पुण्यातला, बगदादी ज्यू कुटुंबात. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करत असताना कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमासाठी विचारलं. बाईनं सिनेमात जाणं तेव्हा अब्रूचं समजत नसत, त्यामुळे आधी नकारच मिळाला. भवनानींनी पिच्छा सोडला नाही. १९२५ मध्ये 'वीरबाला' आला आणि पुढच्याच वर्षी 'टायपिस्ट गर्ल' आणि 'टेलिफोन गर्ल'. शहरात नोकरी करणारी मुलगी पडद्यावर आली, ती अशी. इंपीरियल फिल्म कंपनीच्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये (१९२७) तर तिच्या आठ भूमिका होत्या, त्यात माळी, पोलीस आणि हैदराबादी गृहस्थसुद्धा!

मूकपटात हे जमायचं, कारण आवाजाचा प्रश्नच नव्हता. कॅमेरा चालू असताना दिग्दर्शक ओरडून सांगत असे, 'आता वळ, आता दचक', आणि तेही हव्या त्या भाषेत. पात्राचं बोलणं मागाहून पाट्यांवर यायचं, एकाच पाटीवर अनेकदा दोन-तीन भाषांत. अडचणी होत्या त्या वेगळ्याच. त्या काळी सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंग टिपत नसे. लाली लावलेले ओठ पडद्यावर काळे दिसत, चेहऱ्यावरची लालीही काळपट उमटे. म्हणून चेहरा, डोळे आणि भुवया रंगवाव्या लागत. त्या रंगवलेल्या चेहऱ्यावर हावभाव बेताचे ठेवणं हे खरं कसब, कारण थोडं जास्त झालं की तमाशा दिसतो.

मग १४ मार्च १९३१ला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' लागला. काढला इंपीरियलनेच, पण नायिका झुबेदा. सेटवर आता दिग्दर्शकाला गप्प बसावं लागे. 'आलम आरा'त आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर उमटत होतं, त्यामुळे चुकलेला उच्चार नंतर बदलायची सोय नव्हती. जवळून आगगाड्या जायच्या म्हणून बरंचसं शूटिंग रात्री. अशा ठिकाणी हिंदुस्थानी न येणारी नायिका उभी करणं शक्यच नव्हतं.

सुलोचनानं वर्षभर काम थांबवलं आणि भाषा शिकली. परतली तीही स्वतःचेच मूकपट पुन्हा घेऊन: १९३२ मध्ये बोलका 'माधुरी', १९३५ मध्ये 'अनारकली', १९३६ मध्ये 'बंबई की बिल्ली'. मूक 'इंदिरा बी. ए.' तर १९३४ मध्ये बोलकी 'इंदिरा एम. ए.' झाली. नायक डी. बिलिमोरियाबरोबरची तिची जोडी १९३९ पर्यंत टिकली आणि मध्येच तिनं रूबी पिक्स ही स्वतःची कंपनीही काढली. बोलपटानं संपलेल्या नटीची ही कारकीर्द नव्हे. माझ्या मते खरा फटका नंतर बसला. १९३८ मध्ये इंपीरियल बंद पडली, आणि नटी कंपनीच्या मासिक पगारावर असायच्या त्या पद्धतीत कंपनी गेली की तिच्यासाठी बेतलेल्या गोष्टी, दिग्दर्शक, जाहिरात, सगळंच जायचं. शिवाय तोवर गाणाऱ्या नायिकांची नवी फळी आली होती.

पुढे चरित्र भूमिका, आणि १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार. १९८३ मध्ये मुंबईत तिचं निधन झालं.

तिचे मूकपट पाहायला मिळतील ही आशा ठेवू नका. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, उरले फार थोडे. तेव्हा वापरात असलेली नायट्रेट फिल्म उष्ण, दमट हवेत आधी चिकट होते, मग फुगते, शेवटी तिची भुकटी होते. डबा घट्ट बंद ठेवला तर आतले वायू हे काम आणखी लवकर करतात. उरलेल्या कित्येक रिळांतली चांदी काढून घेण्यात आली. बीना रायचा १९५३चा 'अनारकली' मात्र सहज मिळतो. त्यात सलीमची आई झाली आहे ती सुलोचना, १९२८ची आणि १९३५ची अनारकली.