रात्रीच्या रियाजाचे हेडफोन

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. भुसावळ.

पप्पांना पहाटे रेल्वेच्या लॉबीत साइन ऑन करायचं आहे, म्हणजे ड्यूटीची हजेरी द्यायची आहे. लोको पायलटच्या झोपेवर मागच्या डब्यांतली सगळी माणसं निर्धास्त झोपतात, हे लहानपणापासून मनात बसलेलं आहे. त्यामुळे आमच्या क्वार्टरमध्ये दहानंतर टीव्ही बंद, मिक्सर बंद, दारंसुद्धा हाताने धरून लावायची. आणि माझा हात नेमका तेव्हाच मोकळा होतो. जळगावहून संध्याकाळच्या गाडीने यायचं, स्वयंपाक, आजीची गोळी, ओटा आवरायचा. तोवर साडेदहा वाजतात. इलेक्ट्रिक गिटारचा रियाज करायचा तर याच वेळात, आणि तो हेडफोनवरच. म्हणून गेले काही आठवडे डोक्यात हेडफोनच आहेत. आज ठरवूनच टाकते.

वायरलेसचा विचार पहिल्यांदा गळाला. भावाचे ब्लूटूथ हेडफोन लावून पाहिले. गाणी ऐकायला फारच छान, पण प्लेक्ट्रम तारेला लागतो आणि सूर मागून येतो. साध्या ब्लूटूथला दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंद उशीर झाला, तर ॲम्प्लिफायर प्लॅटफॉर्मवर तीन डबे सोडून पलीकडे ठेवलाय आणि मी इथे उभी राहून वाजवतेय, असं होतं. ९० च्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले तर एक भाग १६७ मिलिसेकंदांचा पडतो. २०० चा उशीर त्याहूनही मोठा. त्यावर हात बसवायचा म्हणजे चुकीची लय अंगात मुरवायची. खास गिटारसाठी कमी उशिराचे वायरलेस हेडफोन निघालेत, पण ते माझ्या खिशाच्या बाहेर आहेत. तेव्हा वायरवालेच.

मग उघडे की बंद? उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये आवाजाला मोकळीक असते, गिटार डोक्याच्या मधोमध कोंबल्यासारखी वाटत नाही. मला तो आवाज मनापासून आवडतो. पण त्यांच्या जाळीतून आवाज बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो. माझ्या खोलीत आजी झोपते, दोन हातांवर. शिवाय मे महिन्यात कूलर रात्रभर चालू असतो. कूलरच्या घरघरीवर मात करायला नॉब वर न्यावा लागतो, आणि कानाला ते वर जाणं कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ठीक आहे. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. हे वाचल्यापासून माझ्यासाठी हेडफोनची खरी परीक्षा एकच उरली: कमी आवाजात सगळं ऐकू येतं की नाही. बंद पाठीचे हेडफोन कूलर बाहेर ठेवतात, म्हणून नॉब खाली राहतो. आवाजाच्या मोकळेपणापेक्षा मला पुढच्या तीस वर्षांचे कान हवेत.

बंद हेडफोनचा आपल्याकडचा मोठा प्रश्न म्हणजे उकाडा. पारा ४५ च्या आसपास गेलेल्या दिवसाची रात्र, भिंती अजून तापलेल्या, आणि कानांवर रेक्झिनच्या गाद्या. अर्ध्या तासात घाम गळ्यापर्यंत येतो, गाद्यांची साल वर्षा-दोन वर्षांत निघायला लागते. मखमली कापडाच्या गाद्या बऱ्याच सुसह्य. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रो, ८० ओहम, याला तशाच गाद्या येतात आणि त्या बदलताही येतात. मात्र त्याची वायर हेडफोनलाच कायमची जोडलेली. ऑडिओ-टेक्निकाच्या एम४०एक्सची वायर काढून दुसरी लावता येते, किंमतही कमी, पण गाद्या रेक्झिनसारख्याच.

ओहमचं, म्हणजे हेडफोनमध्ये विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, मी नीट समजून घेतलं. डीटी ७७० हा ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. २५० ला चांगला जोर लागतो. वीज गेल्यावर मी गिटारच्या जॅकमध्येच खोचायचा जो छोटा हेडफोन ॲम्प वापरते, दोन बारक्या सेलवर चालणारा, त्याच्या आवाक्यातलं ते काम नाही. ८० पर्यंत चालून जातं. एम४०एक्स ३५ ओहमचा, त्याला तर काहीच अडचण नाही.

एक गोष्ट मात्र कोणताही हेडफोन सुधारत नाही. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही ऐकवतच नाही. हेडफोन २० हजारांपर्यंत सगळं ऐकवतो. त्यामुळे कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे ॲम्पच्या स्पीकरसारखा आवाज घडवणारी सोय, नसेल तर डिस्टॉर्शनचा फाटका आवाज चरचरतो, आणि लोक हेडफोनला नावं ठेवतात. आधी ते चालू करावं, किंचित रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्यावा, मग हेडफोनची पारख करावी. मोठ्या ट्यूब ॲम्पचा स्पीकर काढून 'आता शांत झाला' असं तर कोणी कधीच करू नये. ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

मघाशी आजी पाणी प्यायला उठली. तारांची नुसती टिकटिक ऐकून उशाशी थांबली. ‘काय वाजवून राहिली वं माय, काहीच तं ऐकू येत नाही.’ मी तिच्या कानांना हेडफोन लावला आणि क्लीन टोनवर भूपाचा आरोह वाजवला. धैवत जरा ओढून, बेंड करून. तिने डोळे मोठे केले, मग माझं मनगट धरून म्हणाली, ‘अजून एकदा.’ दुसऱ्यांदा बेंड थोडा कमी पडला. तो मला हेडफोनशिवायही बोटांत कळला, पण किती कमी पडला ते ऐकूनच कळतं. रात्रीच्या रियाजाला चांगला हेडफोन हवा तो यासाठी. गोड करून ऐकवणारा, खर्ज फुगवणारा नको. मंद्र सप्तक फुगलं की चुकून वाजलेली शेजारची तार त्यात लपते, आणि ती लपली की हात सुधारत नाही.

तर मखमली गाद्यांचा ८० ओहमवालाच. वायर कायमची आहे, ती सांभाळून वापरेन. उकाडा मात्र सांभाळून कमी होत नाही. दिवाळीपर्यंत थांबले तर पैसे सहज जमतील, पण सगळा उन्हाळा हातातून जाईल, म्हणून भिशीचे वापरते. शनिवारी जळगावच्या गोलाणी मार्केटला जाताना गिटार आणि छोटा ॲम्प सोबत नेणार. दुकानात फोनवर गाणी लावून दाखवतात, त्यातून मला काही कळणार नाही. दुकानदारांना फोन करून विचारलंय. ‘आणा ना ताई, बसून वाजवा’ म्हणाले. हेडफोनच्या बारीक पिनेला लावायचा सहा-साडेसहा एमएमचा ॲडाप्टर स्टिरिओच आहे का, तेही तिथेच बघून घेईन, नाहीतर एकाच कानात आवाज येतो.

आता झोपते. उद्या सकाळची गाडी आहे.