खिळ्यावर चाललेली गाडी

‘स्टेअरिंगला जरा प्ले आलाय’, म्हणजे स्टेअरिंग ढिलं झालंय, हे वाक्य पिकअपवाले फार सहज बोलतात. मला मात्र ते ऐकलं की पहिला प्रश्न सुचतो, गाडी आज कुठे जाणार आहे? गावातल्या गावात खत-पेंड वाहणार असेल तर एक गोष्ट. माळशेज घाट उतरून कल्याणला जाणार असेल तर आधी गाडी बघायची, मग पुढचं.

ओतूरजवळच्या एका वाडीवरून नानांचा फोन आला तेव्हा टोमॅटोचा हंगाम ऐन भरात होता. दुपारची वेळ. तोडा झालेला, क्रेट भरून शेडखाली लावलेले, आणि संध्याकाळी भरून रात्री कल्याणच्या मार्केटला निघायचं. नाना म्हणाले, “गाडी डावीकडं ओढती रे. पोरगा म्हणतो हवा कमी असंल. हवा मारली, तरी तेच.” मी विचारलं, स्टेअरिंग थरथरतं का? फोन पोराकडे गेला. तो म्हणाला, “खड्ड्यातून गेली की थरथरतं. मग मी घट्ट धरतो.”

घट्ट धरतो म्हटल्यावर मी गाडी माझ्या गॅरेजला आणू नका म्हणून सांगितलं. हत्यारांची पेटी, दोन स्टँड आणि पुलर, म्हणजे रुतलेला भाग ओढून काढायचं हत्यार, घेऊन मीच वाडीवर गेलो.

गाडी जुनी, पुढचा अ‍ॅक्सल सरळ आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेला. या गाड्यांत स्टेअरिंग बॉक्समधून ड्रॉप आर्म नावाचा दांडा निघतो, त्याला ड्रॅग लिंक हा दुसरा दांडा, आणि ती एका चाकाला वळवते. दुसऱ्या चाकाला ते वळण पोचवायला दोन्ही चाकांमध्ये एक लांब टाय रॉड असतो. त्याच्या दोन्ही टोकांना टाय रॉड एंड, म्हणजे वाटीत बसलेला गोळा. गोळ्याचा बाहेर आलेला दांडा म्हणजे स्टड, तो चाकाच्या आर्मच्या भोकात बसतो आणि नटाने आवळलेला असतो. तो एक जॉइंट निसटला की एक चाक ड्रायव्हरचं ऐकतं आणि दुसरं कुणाचंच ऐकत नाही.

आधी टायरवर हात फिरवला. डोळ्याला टायर बरा दिसत होता. पण आडवा हात एका बाजूने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीच्या दातांवरून फिरवल्यासारखं. टायर असा खाल्ला गेला की समजायचं, चाकं सरळ चालत नाहीत, घासत चालताहेत.

मग खरी तपासणी. पुष्कळ जण गाडी जॅकवर उचलून चाक हलवून बघतात. तीही करावी, पण चाक हवेत असताना जॉइंटवर भार नसतो. म्हणून मी चाकं जमिनीवर ठेवूनच बघतो. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, इंजिन चालू ठेवून पोराला सांगितलं, “दादा, स्टेअरिंग चार बोटं डावीकडं, चार बोटं उजवीकडं. जास्त नको.” मी बंपरच्या बाजूने आडवा होऊन डाव्या जॉइंटवर तळहात ठेवला. चाकाचा आर्म जागचा हलत नव्हता आणि रॉड मात्र कट्कट् करत पुढे-मागे होत होता. उजवीकडचा त्यामानाने बरा, पण तोही पुरता घट्ट नव्हता. पॉवर स्टेअरिंगमुळे हे ड्रायव्हरच्या हाताला उशिरा कळतं. जोर पंप लावत असतो, माणसाला वाटतं सगळं हलकं आहे म्हणजे ठीक आहे.

बॅटरी मारून खाली बघितलं आणि मी नानांना आत वाकायला लावलं. टाय रॉड एंडचा नट खाचांचा असतो. नट आवळला की खाचेतून आणि स्टडच्या भोकातून स्प्लिट पिन, म्हणजे दोन पायांची तारेची पिन, घालून तिची टोकं दुमडायची, म्हणजे नट कितीही थरथर झाली तरी फिरत नाही. तिथे पिन नव्हती. पत्र्याला मारतात तसा खिळा घालून वाकवलेला होता. गंजून काळा पडलेला, आणि नट अर्धा फेरा मागे येऊन त्या खिळ्यावर टेकलेला. आधी कधीतरी कुणी काम केलं असेल त्याने पिन सापडली नाही म्हणून हातात आलं ते घातलं. काही रुपयांची पिन! मला त्या माणसाचा राग आला, आजही येतो. नट पिनशिवाय सोडायचा नसतो हे त्याला माहीत होतं, म्हणूनच तर त्याने खिळा घातला.

नाना शांत होते. म्हणाले, “आजची खेप जाऊ दे, मग उद्या करू. मालाला भाव आहे आज.” मी म्हणालो, “नाना, वीस किलोचे शंभर क्रेट म्हणजे दोन टन. पाऊस चालू आहे, घाटात धुकं आहे. मी ही गाडी जाऊ देणार नाही. क्रेट शेजारच्या गाडीत जातील, भाडं लागेल ते लागेल.” काकू दारातून सगळं ऐकत होत्या. त्यांनी शेजारी फोन लावला, आणि तो विषय तिथेच मिटला.

पोरगा मोटरसायकलवर आळेफाट्याला गेला. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे गाड्यांच्या सामानाची दुकानं भरपूर. त्याला बजावून पाठवलं होतं, दोन्ही एंड आण, एक सुलट्या आट्यांचा, एक उलट्या आट्यांचा, आणि पिना वेगळ्या मागून घे. टाय रॉडच्या एका टोकाला आटे उलटे असतात, म्हणून तर रॉड नुसता फिरवून त्याची लांबी कमी-जास्त करता येते.

तोवर मी गाडी उचलली, अ‍ॅक्सलखाली स्टँड लावले आणि मगच चाक काढलं. अंगणातली जमीन पावसाने मऊ झालेली, म्हणून स्टँडखाली जाड फळ्या घातल्या. नुसत्या जॅकवर मी कुणाला खाली जाऊ देत नाही, स्वतःही जात नाही. मग तारेच्या ब्रशने चिखल काढला आणि दोन्ही स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप धरून माप खडूने मडगार्डवर लिहिलं. हे माप आधी घेतलं नाही तर नंतर चाकांची दिशा नुसत्या अंदाजाने लावावी लागते.

खिळा पक्कडीने ओढता ओढता तुटला, उरलेला पंचाने पाडला. नट सोडून चार आटे तसाच ठेवला, रॉड अंगावर पडू नये म्हणून. स्टड निमुळता असतो आणि आर्मच्या भोकात रुतून बसतो. तो वरून ठोकायचा नाही. पुलरचा ताण दिला आणि आर्मच्या डोळ्यावर, म्हणजे भोकाभोवतीच्या कड्यावर, बाजूने हातोडा मारला, पलीकडून घणाचा टेका देऊन. तिसऱ्या घावाला ‘टण’ असा आवाज होऊन स्टड सुटला.

एंड रॉडमध्ये जागेवर धरणारा चेकनट ढिला करून एंड बाहेर काढला आणि पायरीवर बसून बघितला. जॉइंटवरचा रबराचा बूट फाटलेला. आत ग्रीस असं राहिलंच नव्हतं, गंज आणि माती मिळून तांबडा चिखल झाला होता. स्टड पक्कडीत धरून वाटी दुसऱ्या हाताने जराशी तिरकी ओढली, आणि गोळा वाटीतून सरळ बाहेर आला. जोर लावावाच लागला नाही. ज्या ओठाने गोळा आत धरून ठेवायचा तो एका बाजूने झिजून कागदासारखा पातळ झाला होता. गोळा माझ्या डाव्या हातात, वाटी उजव्या हातात. पोरगा नुकताच आळेफाट्याहून आला होता. तो ते बघून म्हणाला, “काल रात्री मी घाट चढून आलोय.” काकूंनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याला बसवलं.

नवा एंड लावण्याआधी आर्मचं भोक नीट बघितलं. नट ढिला राहिला की स्टड भोकात खेळतो आणि भोक अंडाकृती होतं, मग नवा एंडही तिथे टिकत नाही, आर्मच बदलावा लागतो. भोक पुसून नवा स्टड हाताने बसवला, हलवून बघितला. डुगडुगला नाही. इथे गाडीने नानांना वाचवलं. उजवीकडचाही एंड काढला. आट्यांना ग्रीस लावलं, लिहून ठेवलेल्या मापावर दोन्ही सारखे आत घेतले. नट आवळून खाच भोकासमोर आली नाही तर तो पुढेच आवळायचा, मागे घेऊन पिन कधीच घालायची नाही. दोन्ही पिना मी पोराकडून घालून घेतल्या. गाडी त्यालाच चालवायची आहे. मग ग्रीस भरायच्या निप्पलमधून बूट किंचित फुगेपर्यंत ग्रीस.

चाकं जमिनीवर आल्यावर दोन्ही टायरच्या मध्यावर खडूची खूण केली, पुढच्या बाजूला अ‍ॅक्सलच्या उंचीवर माप घेतलं, गाडी ढकलून त्याच खुणा मागे आणल्या आणि पुन्हा मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी येईपर्यंत रॉड फिरवला, चेकनट आवळले. हे काम नारायणगावला अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांची दिशा लावायच्या, मशीनपर्यंत पोचण्यापुरतं. खरं माप तिथे, कंपनीच्या आकड्यावर.

दुसऱ्या दिवशी पोरगा नारायणगावहून थेट गॅरेजला आला. गाडी ओढत नव्हती, थरथरत नव्हती. मी त्याला पुन्हा स्टेअरिंगवर बसवलं आणि ड्रॅग लिंकच्या दोन्ही जॉइंटवर हात ठेवून बघितलं. पुढचा चांगला होता, मागच्याचा बूट तडकलेला. हंगाम संपायच्या आत तोही बदलायचा असं ठरवून त्याने दुकानातून स्वतःच दोन जादा स्प्लिट पिना घेतल्या आणि डॅशबोर्डच्या खणात टाकल्या.