झोंबाच्या वाटेवर, २३ नावं घेऊन

आफ्रिकेतल्या मलावीत, ब्लँटायर शहरातून पहाटे साडेतीनला निघालो. गाडी भाचा चालवत होता. माझ्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता, त्यावर २३ नावं. शेजारच्या काकू, माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी. मी मलावीला जाणार म्हटल्यावर यांनी तिथल्या शाळेतल्या मुलांच्या जेवणासाठी आपणहून पैसे काढून दिले होते.

रस्त्यावर मिट्ट अंधार. सायकलवर कोळशाची पोती लादून शहराकडे निघालेली माणसं तेवढी दिव्यांच्या झोतात दिसत. झोंबा १९७५पर्यंत या देशाची राजधानी होती. त्याच्या अलीकडेच आम्ही डांबरी रस्ता सोडला आणि तांबड्या मातीच्या वाटेनं शाळेत पोचलो. विटांच्या चार खोल्या, बाकीचे वर्ग आंब्याखाली.

उजाडलं नव्हतं, पण स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. आठ बायका, कमरेला रंगीत चितेंजे गुंडाळलेले, एकीच्या पाठीवर तान्हं बाळ. प्रचंड पातेल्यात वल्ह्याएवढ्या लाकडी पळीनं त्या पेज ढवळत होत्या. मका आणि सोयाबीनच्या पिठाची ही गोडसर पेज, तिला इथं लिकुनी फाला म्हणतात. पीठ येतं मेरीज मील्स या स्कॉटलंडच्या संस्थेकडून. संस्थेनं हे काम २००२मध्ये मलावीतच सुरू केलं, २०० मुलांपासून. आज अनेक देशांत मिळून २० लाखांहून जास्त मुलांना ती शाळेत जेवू घालते.

पैसे परदेशातून येतात, शिजवतात मात्र गावातल्याच बायका, पगाराशिवाय. पाळ्या लावलेल्या असतात. ज्या दिवशी पाळी, त्या दिवशी चारला घर सोडायचं आणि इथलं आटोपून मग शेतावर जायचं. मी पळी हातात घेऊन पाहिली. दहा-बारा वेढ्यांतच खांदा भरून आला.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. १९९५मध्ये पोषण आहार सुरू झाला, त्याआधीचे वर्ग मला आठवतात. अकरा वाजले की पोरी दप्तरावर डोकं टेकायच्या, आणि मी त्यांना लक्ष द्या म्हणून रागवायची. मलावीत प्राथमिक शाळेची फी १९९४मध्येच माफ झाली, मुलं लोटली, पण भूक माफ कोण करणार? जानेवारी ते मार्च तर जुना मका संपलेला आणि नवा अजून शेतात उभा. त्या दिवसांत पेजेच्या या एका मगासाठी मूल शाळेत येतं आणि मग अक्षरंही गिरवतं. मला यात काहीही कमीपणाचं वाटत नाही.

सहाच्या सुमाराला मुलं आली. हात धुऊन, आपापला प्लास्टिकचा मग घेऊन रांगेत. सगळ्यात धाकटी आधी.

वाढप झाल्यावर मी कागद काढला. भाच्याच्या ओळखीचे एक शिक्षक चिचेवात, म्हणजे इथल्या भाषेत, समजावून सांगत होते. हजेरी घ्यावी तशी मी एकेक नाव वाचलं, आणि प्रत्येक नावाला त्या आठही जणी गुडघे किंचित वाकवून म्हणाल्या, "झिकोमो." आभार. भाजीवाल्या मावशींच्या नावाला मी थांबले आणि त्या काय विकतात ते सांगितलं. तेव्हा वयानं सगळ्यांत मोठ्या अमायी हसल्या. अमायी म्हणजे आई. त्याही बाजारात टोमॅटो विकतात. त्यांनी ते नाव पुन्हा म्हणायला लावलं, दोनदा, जिभेवर नीट बसेपर्यंत.

मी म्हटलं, आभार तर आम्ही तुमचे मानायचे. तुमचीही नावं द्या, मी तिकडे वाचून दाखवीन. कागद उलटा करून पेनासह पुढं केला. सात जणींनी सावकाश, दाबून लिहिलं. मोठ्या अमायींनी पेन हातात घेतलं नाही. त्यांनी रांगेच्या टोकाकडे हाक मारली. चौथीतली नात आली, हातातला मग खाली ठेवला, हात फ्रॉकला पुसले, आणि आजीचं नाव लिहिलं.

तेवीसही जणांनो, कागद मी जपून आणलाय. रविवारी या, वाचून दाखवते.