मॅलॉक, मसल आणि कॉन्फिगरचे अंदाज

एका एआरएम बोर्डासाठी जुनी सी लायब्ररी क्रॉस-कंपाईल करत होते, म्हणजे बोर्डावर चालणारा कोड माझ्या लॅपटॉपवर बनवत होते. बोर्डावर ग्लिबसी ही लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी नाही, तिच्या जागी मसल ही छोटी लायब्ररी आहे. कॉन्फिगर (बिल्डआधी सिस्टिम तपासणारी स्क्रिप्ट) बिनतक्रार संपलं, सगळ्या फाइल्स कंपाईल झाल्या आणि अगदी शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर अडून बसला: 'आरपीएल_मॅलॉक' सापडत नाही. सोर्समध्ये हे नाव कुठेही नाही!

हे नाव येतं कॉन्फिगरमधून. शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक हे मेमरी देणारं फंक्शन नल (म्हणजे काहीच नाही) देतं की पॉइंटर, हे बघायला ऑटोकॉन्फ या कॉन्फिगर बनवणाऱ्या टूलची चाचणी एक चिमुकला प्रोग्रॅम बनवून चालवते. एआरएमचा प्रोग्रॅम माझ्या एक्स86 लॅपटॉपवर चालणार कसा? मग अंदाज. नावात जीएनयू दिसलं तर ठीक, सिस्टिम अनोळखी असली की चाचणी वाईटात वाईट धरते आणि मॅलॉकच्या जागी आरपीएल_मॅलॉक घालते. ते फंक्शन लिहायचं पॅकेजने, आणि बऱ्याच पॅकेजांत ते नसतंच.

कॉन्फिगरने बनवलेल्या कॉन्फिग.एच फाइलमधली ही अदलाबदल करणारी ओळ सेड कमांडने उडवली की काम भागतं, पण मला तो मार्ग पटत नाही. पुढच्या कॉन्फिगरला ओळ परत हजर. त्यापेक्षा उत्तर आधीच सांगून ठेवावं: एका फाइलमध्ये 'एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_0_नॉननल=येस', रिअॅलॉकसाठी तशीच दुसरी ओळ, आणि कॉन्फिग_साइट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्या फाइलचा पाथ. मग प्रत्येक पॅकेजचं कॉन्फिगर ती वाचतं. एम्बेडेड लिनक्स बनवायला वापरतात त्या ओपनएम्बेडेड-कोअरमध्ये अशा उत्तरांची 'मेटा/साइट' ही अख्खी डिरेक्टरी आहे. मात्र 'येस' लिहिण्याआधी मॅलॉक तपासणारा चार ओळींचा प्रोग्रॅम खऱ्या बोर्डावर चालवून बघा. इथे खोटं उत्तर दिलं तर बिल्ड मुकाट्याने होतो आणि प्रोग्रॅम नंतर कोसळतो.

कॉन्फिगरला 'होस्ट'सोबत (प्रोग्रॅम जिथे चालणार ती सिस्टिम) 'बिल्ड'ही (जिथे तो बनतो ती) नेहमी द्या. नुसतं होस्ट दिलं तर कॉन्फिगर आधी प्रोग्रॅम चालवून बघतं, आणि लॅपटॉपवर क्यूएमयू (दुसऱ्या प्रोसेसरचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलेलं असेल तर तो चालतोही. मग त्याला वाटतं, हे क्रॉस नाहीच.

लायब्ररी कुठे आहेत ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगचा घोटाळा वेगळा. पीकेजी_कॉन्फिग_पाथ फक्त भर घालतो, लॅपटॉपच्या स्वतःच्या डिरेक्टऱ्या यादीत तशाच राहतात. पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर ती यादीच बदलतो. हवा तो हाच, जोडीला पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर (बोर्डाच्या फाइल्सची मूळ डिरेक्टरी).

आणि मेक चालवण्याआधी कॉन्फिग.लॉगच्या शेवटाकडचा कॅश व्हेरिएबल्सचा (साठवलेल्या उत्तरांचा) भाग वाचा. कॉन्फिगरने काय काय धरून चाललंय ते सगळं तिथे लिहिलेलं असतं.