अंगठेबहाद्दर

आज आईला घेऊन हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत. सदाशिव पेठेतून रिक्षा, वर पाऊण तास उभं राहणं. आईचा अंगठा काही केल्या उमटेना. मशीनवर लाल दिवा. पुसला, पदराला घासला, फुंकर मारली, पुन्हा लाल. चाळीस वर्षं भांडी घासली, कणीक मळली, रेषा राहतील कुठल्या? आई तिथल्या मुलाला म्हणाली, "अरे, मी समोर उभी आहे ना!" शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं.

संध्याकाळी भाचीने 'स्पाय किड्स' सिनेमा लावला. रॉबर्ट रॉड्रिग्जचा, 2001 चा. हेर आईबाबा, त्यांना सोडवायला निघालेली दोन पोरं वगैरे. अँटोनियो बँडेरासही आहे. पण मला भावले ते त्यातल्या फ्लूप नावाच्या टीव्हीवाल्याचे 'थंब-थंब' नावाचे शिपाई. डोकं अंगठा, दोन्ही हात अंगठे, पायही अंगठे. अख्ख्या देहात एक बोट नाही! या गड्यांना मारामारीला पाठवायचं डोकं कुणाचं असेल? साधा चहाचा कप तरी धरता येईल का? (धाकट्या भाच्याने लगेच दोन्ही मुठी वळून, अंगठे वर करून घरभर धडका द्यायला सुरुवात केली. कपाटाच्या काचेवर त्याचे तुपकट ठसे अजून आहेत, अगदी स्वच्छ, रेषान् रेषा.)

आई भाजी निवडत होती. चष्मा वर करून पाच मिनिटं टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "पाच-पाच अंगठे! यांतला एक तरी लागला असता की गं."