तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा बँड ईडीएम का करत नाही

गेल्या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलबाहेर पुन्हा तोच प्रश्न आला. विचारणारा पोरगा विशीतला. "काका, एवढी वर्षं वाजवताय, आता जरा ईडीएम करा की. पोरं नाचतील तरी." ईडीएम म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक, यंत्रांवर बनवलेलं नाचाचं संगीत; आमचा गिटार-ड्रमवाला रॉक बँड. पोरानं चांगल्या मनानं विचारलं. आयोजक विचारतात तेव्हा त्यात तिकिटांचा हिशेब असतो, भाचा विचारतो तेव्हा काळजी असते. मी सगळ्यांना एकच सांगत आलो, "ते आमचं काम नव्हे." एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

बँड कसा सुरू झाला, कोण कुठं गेलं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही ते सांगतो. आमचं सगळ्यात चाललेलं गाणं मिनिटाला ११२ ठोक्यांवर सुरू होतं आणि संपताना ११८ वर पोचलेलं असतं. जुन्या कॅसेटी लावून मी मोजलंय. दुसऱ्या कोरसला ड्रमर सुटायचा आणि आम्ही तिघं त्याच्या मागं धावायचो. ईडीएममध्ये किक, म्हणजे मोठ्या बास ड्रमचा ठोका, साधारण १२८ वर बसते आणि तिथंच राहते. शिवाय त्यात साइडचेन असतं, म्हणजे किक पडली की बाकीचे आवाज क्षणभर खाली दाबले जातात आणि पुन्हा वर येतात. नाचणाऱ्याला तो हेलकावा हवा असतो. पण माझी गिटार दर ठोक्याला कुणीतरी मान दाबल्यासारखी आत जाणार असेल, तर मी तिथं कशाला उभा राहू?

मशीन परकं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. पूर्वी म्हणायचो. रोलंड या जपानी कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र निघालं तेच मुळी एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. १९८२ साली चरणजित सिंग यांनी तेच यंत्र आणि एक ड्रम मशीन घेऊन मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ते स्वतः सिनेमासंगीतात गिटार वाजवणारे. त्यामुळं "हे आपलं नाही" हा मुद्दा तिथंच संपतो. यूटू या आयरिश रॉक बँडचा १९९७ चा 'पॉप' अल्बमही मी लोकांच्या तोंडावर फेकायचो. दौऱ्याच्या तारखा आधी ठरल्या, अल्बम घाईत उरकावा लागला, पुढं त्यातली काही गाणी त्यांनीच पुन्हा बसवली. बघा, रॉकवाले डान्सच्या नादी लागले की असं होतं! पण त्याच चौघांनी १९९१ मध्ये 'अख्तुंग बेबी'त नाचाचे ठेके घेतले होते आणि तो अल्बम आजही माझ्या गाडीत वाजतो, हे मी सोयीनं गाळायचो.

डॉल्बीचाही राग आहे, तो लपवत नाही. विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर घरांच्या काचा थरथरतात, म्हाताऱ्या माणसांना दारं लावून बसावं लागतं. तेच आपल्याकडचं ईडीएम, असं मी धरून चाललो होतो. पण एका वर्षी पापाच्या तिकटीला गर्दीत अडकलो. तो बेस बरगड्यांतून आरपार गेला आणि मला आवडला. पाच-सात मिनिटं मी हललो नाही. घरी हे कुणाला सांगितलं नाही.

आता खरं कारण. २०१७ साली आमच्या ड्रमरच्या उजव्या पायावर, तो कामाला होता त्या फाउंड्रीत, मोल्डिंगचा बॉक्स पडला. घोट्याची दोन ऑपरेशनं झाली, आत प्लेट बसली. चालता येऊ लागलं, पण किकच्या पेडलवर पाय टिकेना. चार मिनिटांचं गाणं झालं की घोटा सुजायचा. सात-आठ महिने तो आलाच नाही. मग एका रविवारी प्रॅक्टिसला आला, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. भिशीच्या पैशातून त्यानं सॅम्पलिंग पॅड, म्हणजे आत भरून ठेवलेले आवाज वाजवणारं यंत्र, घेतला होता. आपल्याच बास ड्रमवर हातानं ठोके मारून, ते रेकॉर्ड करून त्यानं त्यात भरले होते. स्नेअर, सिम्बल हातानं वाजवायचं, डावा पाय हाय-हॅटवर, आणि किक पॅडमधून. ११६ वर, सरळ, दर ठोक्याला एक. "तुम्ही नुसतं वाजवा," म्हणाला, "मी बसतो ह्यात."

आठ आवर्तनं झाली असतील. मी तारांवर हात ठेवला. "बंद कर ते."

"अरे, माझ्याच ड्रमचा आवाज हाय. नीट ऐक तरी."

"आपण डीजे नाही."

तो शांतपणे म्हणाला, "डेफ लेपर्डचा रिक ॲलन एका हातानं वाजवतोय, त्याला तू देव मानतोस की."

खरं होतं. रिक ॲलन हा डेफ लेपर्ड या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर. १९८४ च्या शेवटच्या दिवशी अपघातात त्याचा डावा हात गेला. त्यानं इलेक्ट्रॉनिक ड्रम बनवून घेतले आणि डाव्या हाताचे ठोके पायातल्या पेडलांवर घेतले. त्या बँडचा १९८७ चा अल्बम 'हिस्टीरिया' आम्ही दोघांनी एका वॉकमनवर, एकेक इअरफोन वाटून ऐकला होता. आणि मी आमच्या ड्रमरला म्हणालो, "त्याचा हातच गेलाय. तुझा पाय हाय अजून. दुखतोय नुसता."

बेसवाला ट्यूनरकडं बघत राहिला. ड्रमरनं पॅडवर टॉवेल टाकला. मिक्सरमधली पिन घट्ट बसली होती, ती त्याला निघेना. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, पुढं झालो नाही. मग तो जिना उतरला. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढची पायरी. चौदा पायऱ्या आहेत. मी सगळ्या ऐकल्या.

त्यानंतर दोन ड्रमर आले, दोघंही चांगले. तुम्ही आम्हाला ऐकता ते त्यांच्यासह. पण तुम्ही "ईडीएम करा" म्हणता तेव्हा मला तो जिना ऐकू येतो आणि मी घाईनं नाही म्हणून टाकतो. आता "हो" म्हणायचं तर तेव्हा काय अडलं होतं?

मी स्वतःला समजवायचो की बदल आतून यावा, फॅशन म्हणून येऊ नये. दाखला द्यायला गावातलंच थोर नाव होतं, शाहू महाराजांच्या दरबारातले गायक अल्लादिया खाँसाहेब. तरुणपणी त्यांचा आवाज गेला. परत आला तो पहिला नव्हता, तेव्हा त्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी घडवली. हा दाखला मी कित्येकांना ऐकवला. शरीरानं साथ सोडली म्हणून नवी वाट काढणारा माणूस माझ्याच खोलीत टॉवेलात पॅड घेऊन आला होता, हे त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तरीही, लेझर आणि ड्रॉप (ताण वाढवत नेऊन एकदम कोसळणारा ठेका) लावून तासभर उभं राहायला सांगाल तर माझं उत्तर आजही नाहीच आहे. पन्नाशीच्या माणसानं विशीतल्यांच्या पाठी धावलेलं मला बघवत नाही, आणि ११२ चं ११८ होणं मला अजूनही प्राणाइतकं जवळचं वाटतं.

फक्त दिवाळीत त्या जुन्या ड्रमरचा मेसेज आला. इतक्या वर्षांत पहिला. मजकूर काही नाही, एक ऑडिओ फाइल. आमचंच गाणं, गिटारची जागा मोकळी सोडलेली. किक मशीनची, खाली सिंथचा बेस. मी मोजत बसलो. ११२ ला सुरू होतं. दुसऱ्या कोरसला ११४, मग ११६. त्यानं मशीनला धावायला शिकवलंय, जिथं तो धावायचा तिथंच.

रात्री दार लावून मी त्यावर चार वेळा वाजवलंय. त्याला उत्तर अजून पाठवलेलं नाही.